चिठ्ठीतलं औषध

"सर, हाईसा न्हवं घरात?"

दुपारचे तीन वाजले होते. उन्हाळ्यात या वेळी उचगावात सारं सामसूम असतं. महामार्गावरच्या ट्रकांची घरघर तेवढी लांबून ऐकू येत राहते. दारात शेजारच्या गल्लीतल्या वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेला कागदांचा गठ्ठा होता. मी कॉलेजात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो तरी गावानं माझी 'सर' ही पदवी काढून घेतलेली नाही. बँकेचा फॉर्म असो, विम्याची पॉलिसी असो, नाहीतर सातबारा, कागद वाचायचा झाला की पावलं आमच्या दाराकडे वळतात.

"दवाखान्यातनं दिल्यात. सोळा पानं हाईत. मराठीतच हाय, पर डोस्क्यात शिरंना. सही करा म्हणत्यात."

त्यांचे यजमान फौंड्रीत कामाला. साखरेचा आजार जुना. बूट चावल्याचं निमित्त झालं आणि तळपायाला जखम झाली. पायाला बधिरता असल्यानं ती कळलीच नाही. चार महिने झाले तरी भरत नव्हती. त्या जखमेवर लावायच्या एका नव्या मलमाची चाचणी सुरू होती आणि तुम्ही तीत भाग घ्याल का, असं दवाखान्यानं विचारलं होतं. निम्म्या रुग्णांना नवं मलम, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं मलम. कुणाला कुठलं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. ड्रेसिंग, साखरेच्या गोळ्या, जंतुसंसर्गाचं औषध हे सगळं दोघांनाही सारखंच. आणि आपल्याला कुठलं मलम मिळतंय हे रुग्णालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

वहिनींचा सगळा राग त्या चिठ्ठीवर होता.

"औषध म्हंजे काय भिशी हाय व्हय, चिठ्ठी काढाय? डॉक्टरला ठावं नसंल तर मग कुणाला असायचं? आणि तुमच्या भावाचं काय झालं वो? त्येंला ते रक्तातलं पाणी दिलं, तवा कुणी चिठ्ठी काढली हुती?"

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याची हिंमत मी चार वर्षं केली नव्हती. ते आज लिहून टाकतो.

२०२१ च्या मे महिन्याचा पहिला आठवडा. करोनाची दुसरी लाट. माझा धाकटा भाऊ ऑक्सिजनवर होता. कुणीतरी म्हणालं, प्लाझ्मा द्या. करोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला पिवळसर द्राव म्हणजे प्लाझ्मा. त्यात रोगाशी लढणारी द्रव्यं असतात, ती दुसऱ्याला दिली की तोही लढेल, असा विचार. विचार पटण्यासारखा होता. मी दोन दिवस रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवले. ओळखी काढल्या, मध्यरात्री फोन केले, आणि अखेर इचलकरंजीचा एक तरुण दाता मिळाला. भावाला प्लाझ्मा चढवला आणि आठव्या दिवशी तो बसून चहा प्यायला. गावात बातमी झाली की सरांनी प्लाझ्मा आणला आणि भाऊ वाचवला.

गावाला ठाऊक नव्हतं ते असं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं २०२० साली देशभरातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर याच प्लाझ्माची चाचणी केली होती. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला, २२९ जणांना नेहमीचे उपचारच. अठ्ठावीस दिवसांत आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला, अशांची संख्या प्लाझ्मा मिळालेल्यांत ४४ होती, न मिळालेल्यांत ४१. टक्केवारीत १९ आणि १८. फरक नाही. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मी तो वाचला होता. एवढंच नव्हे, दोन-चार जुन्या विद्यार्थ्यांना मोठ्या उत्साहानं पाठवलाही होता. आणि तरीही मे महिन्यात मी धावलो. माझी धावपळ संपल्यावर थोड्याच दिवसांनी, १७ मे २०२१ ला, प्लाझ्मा सरकारी उपचारसूचीतून वगळण्यात आला.

मग भाऊ वाचला कशानं? हे मी सांगू शकत नाही, आणि कुणीच सांगू शकत नाही. पण त्याच्या केसपेपरवर आणखी एक इंजेक्शन रोज लिहिलेलं होतं, ज्याची गावात कुणी आठवणही काढत नाही. डेक्सामेथासोन. अगदी स्वस्त, जुनं, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं स्टेरॉइड. ब्रिटनमध्ये २०२० साली या औषधाची चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकून २,१०४ रुग्णांना ते दिलं आणि ४,३२१ रुग्णांना दिलं नाही. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांपैकी औषध न मिळालेल्यांत शंभरी २६ दगावले, मिळालेल्यांत शंभरी २३. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत ४१ विरुद्ध २९.

शंभरात तीन माणसं. हा आकडा लहान वाटतो, पण ती तीन घरं आहेत. आणि आता हे पाहा, की कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नुसत्या अनुभवातून त्याला हा तीनाचा फरक दिसेल का? आज त्याच्या वॉर्डातले सव्वीस गेले, पुढच्या महिन्यात तेवीस गेले, तर तो म्हणेल या वेळी रुग्ण तरुण होते, किंवा लवकर आले. आणि त्याचं म्हणणं बरोबरही असू शकेल. एवढा बारीक फरक पकडायला हजारो रुग्ण लागतात, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच प्रकारची माणसं लागतात. ती तशी वाटून देण्याचं काम चिठ्ठी करते.

वहिनींना हे आकडे सांगून उपयोग नव्हता. त्यांनीच काढलेला भिशीचा दाखला मला कामाला आला.

"वहिनी, तुमच्या भिशीत चिठ्ठी कोण उचलतं?"

"बारकं पोरगं उचलतंय कुणाचं तरी."

"पोरगंच का? तुम्ही का नाही?"

"मी उचलली तर बाकीच्या म्हंतील हिनं बघून उचलली. पोराला काय त्यातलं कळतंय?"

यापेक्षा चांगली व्याख्या माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ज्याला काही कळत नाही आणि ज्याचं काही अडलेलं नाही, त्याच्या हातानं वाटणी झाली पाहिजे. डॉक्टरानं वाटणी केली तर तो दयाळूपणानंच घोटाळा करील. ज्याची जखम जास्त वाईट त्याला नवं मलम देईल, कारण त्याची कणव येते. किंवा ज्याची हलकी त्याला देईल, कारण मलमाला यश यावं असं मनात असतं. दोन्हीकडून हिशेब बिघडला.

ही युक्ती मुळात शेतातली आहे. आमच्या शिवारातला कुणीही सांगेल की विहिरीकडचा तुकडा आणि ओढ्याकडचा तुकडा सारखा नसतो. नवं खत विहिरीकडच्या उसाला घातलं आणि तो फोफावला, तर ते यश खताचं की पाण्याचं? रोनाल्ड फिशर हे इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करत होते. त्यांनी सांगितलं की शेताचे लहान लहान वाफे पाडा आणि कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे नशिबावर सोडा. पाणी, माती, ऊन हे सारं मग दोन्ही बाजूंना आपोआप साधारण सारखं वाटलं जातं. ज्या गोष्टी आपल्या ध्यानातही आलेल्या नाहीत त्यासुद्धा. शेतातून ही पद्धत दवाखान्यात आली. १९४८ साली ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीनं झालेल्या क्षयाच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. त्या काळी ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन इतकं तुटपुंजं होतं, की सगळ्यांना द्यायला पुरणारच नव्हतं. बंद पाकिटातल्या चिठ्ठीनुसार ५५ जणांना ते मिळालं, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४.

पण त्याच्याही पन्नास वर्षं आधी आपल्या मुंबईत याची चुणूक दिसली होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर तयार असलेल्या कैद्यांना टोचली. न टोचलेल्या १७२ कैद्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांत दोघांना झाला, मृत्यू एकही नाही. पण मेख अशी, की टोचून घ्यायला जे आपणहून पुढे आले ते मुळातच धट्टेकट्टे असतील तर? पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा कैद्यांना रांगेत बसवून एक सोडून एक टोचण्यात आलं. फिशर तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते. कैद्यांना 'नाही' म्हणण्याची कितपत मुभा होती हा प्रश्न आज आपल्याला टोचतो, आणि तो टोचायलाच हवा.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती महाडची गोष्ट. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा कोकणात तांबडा विंचू चावून धडधाकट माणसं आणि कोवळी मुलं मरत होती. उलट्या, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, मग फुप्फुसात पाणी आणि शेवट. तीव्र विषबाधेत शंभरातले तीस-चाळीस जात. रुग्णाच्या उशाशी रात्ररात्र बसून त्यांनी लक्षणं टिपली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं साधं औषध वापरून पाहिलं. मृत्यू इतके झपाट्यानं खाली आले, की तिथे चिठ्ठीची गरजच उरली नाही. शंभरातले चाळीस मरत होते, ते एक-दोनावर आले, तर कुणाला हिशेब लागतो? लॅन्सेटमधून जगानं ते वाचलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

खरी परीक्षा नंतर आली. विंचवाच्या विषावरची प्रतिलस उपलब्ध झाली. आता प्राझोसिननं माणसं वाचतच होती; मग लसीनं जास्त काय होतं? आता फरक जीव वाचण्या-न वाचण्याचा नव्हता, लवकर बरं होण्याचा होता. डोळ्यांनी तो ठरवणं अवघड. तेव्हा महाडच्या आपल्या दवाखान्यात डॉ. बावस्कर पतिपत्नींनी ७० रुग्ण घेतले. चिठ्ठीपद्धतीनं ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिलस, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. म्हणजे कुणीही औषधावाचून राहिला नाही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३२, दुसऱ्यात ८. हा निबंध २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. एका तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यातून!

वहिनी हे लक्ष देऊन ऐकत होत्या. विंचू त्यांना माहीत होता. त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "म्हंजे आमच्या मालकास्नीबी नेहमीचं औषध मिळणारच? चिठ्ठी खाली आली तरी?"

"मिळणारच. सहाव्या पानावर लिहिलंय."

मी ते पान काढून बोटानं दाखवलं. त्यांनी अक्षर लावत लावत वाचलं.

आता राहिला तो नशिबाचा प्रश्न. चिठ्ठीनंच वाटलं, तर निकालही नशिबाचाच कशावरून नाही? त्यासाठी मी वर्गात नाणं काढायचो. दहा वेळा उडवा. आठ किंवा जास्त वेळा छापा आला तर नाणं खोटं म्हणाल का? मुलं हो म्हणायची. पण खऱ्या नाण्यानंसुद्धा असं शंभर खेळांत साधारण पाच-साडेपाच वेळा घडतं. औषधशास्त्राच्या जगात 'शंभरात पाचापेक्षा कमी' ही मर्यादा रूढ झाली आहे. ती काही देवानं घालून दिलेली नाही, माणसांची सोय आहे. आता कोव्हॅक्सिनचं पाहा. २५,८०० स्वयंसेवकांच्या चाचणीत ३ मार्च २०२१ ला पहिला निकाल जाहीर झाला तेव्हा ४३ जणांना करोना झालेला होता. त्यांतले ३६ लस न मिळालेले, ७ मिळालेले. त्रेचाळीस वेळा नाणं उडवून छत्तीस किंवा अधिक छापे यायचे तर दहा लाखांत चार-पाच वेळा येतील. म्हणजे हे नशीब नव्हे. शेवटी १३० रुग्णांचा हिशेब झाला, १०६ विरुद्ध २४, आणि परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली.

माझं मत विचाराल तर लस चांगली ठरली, पण क्रम चुकला. तिला परवानगी मिळाली ३ जानेवारीला, म्हणजे परिणामकारकतेचा पहिला आकडा यायच्या दोन महिने आधी. संकटकाळ होता हे खरं. पण खासबागेच्या मैदानात पंच कुस्ती सुटायच्या आधीच हात वर करू लागले, तर जिंकणारा खरोखर जिंकला तरी लोक त्याच्या विजयाबद्दल शंका घेतात. त्या वर्षी लसीबद्दल गावोगाव जी कुजबुज चालली, तिला हेही एक कारण होतं असं मला वाटतं.

कुस्तीचाच आणखी एक नियम इथे चालतो. चितपट की गुणांवर, हे आखाड्यात उतरण्यापूर्वी ठरलेलं असावं लागतं. आपल्या देशात २००७ पासून चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे आणि २००९ पासून नवी चाचणी तीत नोंदवणं सक्तीचं झालं. 'जखम बारा आठवड्यांत पूर्ण भरली का' हेच मोजणार असं आधी लिहून दिलं, की नंतर 'भरली नाही, पण खाज कमी झाली' असं म्हणून औषध विकता येत नाही. वहिनींच्या कागदावर नोंदणी क्रमांक होता. मी तो संगणकावर घालून पाहिला. जुळला.

त्यांचा संशय मात्र खोटा म्हणता येणार नाही. गरिबांना न सांगता, न समजावता चाचण्यांत ओढल्याच्या तक्रारी आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २०१३ साली न्यायालयाचे ताशेरे आणि मागोमाग नवे नियम आले, नुकसानभरपाईचे आणि संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करण्याचे. पुढे २०१९ मध्ये सगळे नियम एकत्र बांधले गेले. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई. नैतिकता समितीत किमान सात माणसं, त्यांत एक कायद्याचा जाणकार आणि एक तुमच्या-आमच्यासारखा सामान्य माणूस. कधीही, कारण न देता बाहेर पडण्याची मुभा, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड नाही. ही सगळी कलमं मी एकेक करून वाचून दाखवली. अकराव्या पानावर समितीच्या सचिवांचा फोन नंबर होता. वहिनींनी तो स्वतःच्या मोबाइलमध्ये घालून घेतला. चाचणीबद्दल मी जे दोन तास बोललो, त्यापेक्षा या नंबरानं त्यांना जास्त धीर आला असावा.

जाता जाता एक सांगायला हवं. आधुनिक संख्याशास्त्रात ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं ते वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापूरचे, १९१९ चा जन्म. केंब्रिजला जाऊन आले आणि पुणे विद्यापीठात त्यांनी संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. १९७४ साली पद्मभूषण. कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा आणि तालीम आठवते. हुजूरबाजारांची आठवण कुणी काढत नाही. असो.

वहिनी उठल्या. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "सर, एक खरं सांगा. तुमी असता तर सही केली असतीसा?"

"स्वतःसाठी केली असती."

"आणि भावासाठी?"

मी गप्प बसलो. मग त्यांना सगळं सांगितलं. ते ४६४ रुग्ण, ते ४४ आणि ४१, मी वाचलेला तो निबंध आणि मध्यरात्रीचे माझे फोन. त्या ऐकून घेतात तोवर मागच्या दारातून भाऊ आत आला होता. गोठ्यातून आला असावा, हातात चरवी होती. त्यानं किती ऐकलं कुणास ठाऊक.

"म्हंजे दादा, ते पाणी मला लागू पडलंच न्हाई व्हय?"

"माहीत नाही रे. तुझ्यापुरतं कुणालाच सांगता यायचं नाही."

त्यानं थोडा विचार केला. चरवी ओट्यावर ठेवली. "त्या इचलकरंजीच्या पोराला मी दर दिवाळीला गुळाचा रवा पाठवतोय," तो म्हणाला. "ते काय बंद करणार न्हाई मी."

दोन दिवसांनी वहिनींच्या यजमानांनी कॅमेऱ्यासमोर सही केली. दर पंधरा दिवसांनी त्यांना तपासणीला जावं लागतं. पायामुळे त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून माझा भाऊ त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेतो. डबीवर नुसता एक क्रमांक आहे. आत औषध आहे की नाही, हे अजून दवाखान्यातही कुणाला माहीत नाही. वहिनी रोज रात्री जखमेवर पट्टी बांधतात आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करतात.